घोषणेचा कर्ता कोण?

निवडणुकीतील घोषणांना काही अर्थ असतो काय, असे विचारले असता सुशिक्षित माणूस बहुधा नुसता हसतो. भिंतीवरील अक्षरे पहिल्या पावसात धुऊन जातात, तशी घोषणाही मतमोजणीनंतर विरून जाते, असा त्याचा अनुभव असतो. आणि तो खोटा आहे असे म्हणवत नाही. मात्र या हसण्यात थोडा आळसही असतो. सर्वच घोषणा सरसकट पोकळ ठरविल्या म्हणजे कोणत्याच घोषणेचा हिशेब मागण्याचे कष्ट उरत नाहीत. राज्यकर्त्यांना याहून सोयीचा मतदार कोणता?

घोषणा पारखण्याची एक रीत शाळेतल्या व्याकरणाच्या तासालाच शिकविली जाते. वाक्यातील कर्ता कोण, तो शोधावा. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेत काय व्हावयास हवे ते उघड होते आणि ते कोणी करावयाचे हे सांगण्याची गरज नव्हती. मागणी दिल्लीच्या सरकारकडे होती. मागणारी जनता होती. त्यातला ‘च’ काढून पाहावा, म्हणजे एका अक्षरावर केवढे वजन होते ते ध्यानात येईल. १ मे १९६० रोजी राज्य झाले. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार राहिले. घोषणा इतकी नेमकी होती की, काय पदरात पडले आणि काय पडले नाही, हे तिच्याच आधारे मोजता येते.

ही आंदोलनाची घोषणा होती. निवडणुकीत दिशा उलटते. तेथे जनता बोलत नाही, तिच्याशी बोलले जाते. आणि जो बोलतो त्याला मते हवी असतात. म्हणूनच नेमकेपणा तेथे अडचणीचा होतो. जितके संदिग्ध बोलावे तितक्या अधिक लोकांना ते आपले वाटते.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध घोषणा १९७१ ची. काँग्रेस १९६९ साली दुभंगली होती, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला होता. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाली. संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी यांच्या बड्या आघाडीने ‘इंदिरा हटाओ’ म्हटले. त्यावर इंदिराबाईंनी, ते मला हटवा म्हणतात, मी गरिबी हटवा म्हणते, असा टोला दिला. विरोधकांनीच अर्धे वाक्य तयार करून हाती द्यावे, असे भाग्य राजकारणात फार थोड्यांना लाभते. त्यांच्या पक्षाला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. त्या केवळ दोन शब्दांनी मिळविल्या असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण त्या दोन शब्दांवाचून मिळाल्या असत्या, हेही कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता व्याकरण. ‘हटाओ’ हा आज्ञार्थ आहे. आज्ञा कोणाला? बोलणारी व्यक्ती स्वतःच पंतप्रधान होती. सत्ता तिच्याच हाती होती. मग ती सभेतल्या शेतमजुराला गरिबी हटविण्याची आज्ञा करीत होती काय? आणि ‘गरिबी राहू द्या’ असे म्हणणारा पक्ष तर कोणताच नव्हता. ज्या वाक्याचे उलट वाक्य उच्चारण्यास कोणीही धजणार नाही, ते वाक्य शोभेचे असण्याचा संभव मोठा.

परिणामांकडे पाहावे तर आकडेही दुतोंडी आहेत. नियोजन आयोगाच्या अंदाजाप्रमाणे १९७३-७४ मध्ये देशातील सुमारे ५५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९९३-९४ मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. परंतु गरिबांची संख्या दोन्ही वेळी तीच, सुमारे ३२ कोटी! प्रमाण सांगणाऱ्याला घोषणा फळली असे म्हणता येते, माणसे मोजणाऱ्याला ती थट्टा वाटते.

पुढच्या काळातील घोषणांनी कर्त्याचा प्रश्न आणखी सोपा करून टाकला. २००४ च्या ‘इंडिया शायनिंग’मध्ये करावयाचे असे काही उरलेलेच नव्हते, देश झळकतोच आहे, एवढीच ती वार्ता होती. वार्ता म्हटली की ज्याला-त्याला ती आपल्या दाराशी ताडून पाहता येते, आणि मतदारांनी ती पाहिली. २०१४ च्या ‘अच्छे दिन आने वाले हैं’मध्ये दिवस आपल्या पायांनीच येणार होते. आणणारा कोण, हे वाक्यात नाही. विचारणाऱ्याने ते पुढे विचारीत राहावे.

त्या मानाने ‘गरिबी हटाओ’च्या आज्ञार्थात एक रिकामी जागा होती, आणि ती भरण्याचे काम महाराष्ट्रात झाले. घोषणेनेच ते घडविले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग तासगाव तालुक्यात साठच्या दशकातच करून पाहिला होता. पुण्यात वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळत नाही, असा हिशेब १९७१ मध्ये मांडला आणि सार्वजनिक कामे काढून रोजगार द्यावा, असे सुचविले. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. गरिबी हटविण्याच्या नावाने मते घेऊन जेमतेम दोन वर्षे उलटली होती. अशा वेळी काम मागायला आलेल्या माणसांना परत पाठविणे कोणत्याही सरकारला सोपे नव्हते.

रोजगार हमी योजना १९७२ मध्ये सुरू झाली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घोषणेला येथे कर्ता मिळाला, मुदत मिळाली आणि खर्चाचे कलमही मिळाले. कर्ता शासन, मुदत मागणी केल्यापासून पंधरा दिवसांची, आणि खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर, ज्याच्या वसुलीइतकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम या योजनेसाठी म्हणून सुरू झाली, हे आज फारच थोड्यांना ठाऊक असते. सभेतल्या आज्ञार्थाचे बिल असे शहरातल्या पगारदाराकडे आले आणि त्याने ते फारशी कुरकुर न करता भरले.

२००५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा नमुना समोर होताच. या नमुन्यात उणिवाही होत्या. हजेरीपटावर खोटी नावे चढत, मजुरी महिनोन्‌महिने रखडे. आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. आरंभी तो दिवसाला एक रुपया होता. तेवढाही प्रत्यक्ष क्वचितच कोणाच्या हाती पडला, कारण बहुतेक मजुरांना मागणीचा अर्ज दिल्याची पोच मिळत नसे, आणि पोच नसली की पंधरा दिवसांची मोजणी सुरूच होत नसे.