सरकारी इमारत गळते तेव्हा पैसा कुठे अडतो?

गळकं छत दिसलं की लोक बांधकाम खात्याला दोष देतात. पण प्रत्येक सरकारी इमारत त्या खात्याकडे नसते. तहसील कचेरी, न्यायालय, सरकारी निवासस्थानं सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. गावची मराठी शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतं. तक्रार भलत्या कार्यालयात गेली तर पावसाळा तसाच निघून जातो.

त्याहून घातक समज म्हणजे, नव्या इमारतीला कोट्यवधी मिळतात तर दुरुस्तीलाही पैसा असणारच. हे दोन पैसे वेगळे आहेत. नवी इमारत भांडवली खर्चात मोडते. त्यासाठी राज्य कर्ज काढू शकतं. दुरुस्ती महसुली खर्चात मोडते: कार्यालयांची लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात खर्च नोंदण्याचं शीर्ष) २०५९ खाली, निवासस्थानांची २२१६ खाली. पगार, निवृत्तिवेतन, व्याज हेही महसुली खर्चच, आणि ते थांबवता येत नाहीत. महसुली तूट आवरण्याचं बंधन राज्याच्या २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानं घातलेलं. मग कात्री दुरुस्तीला लागते, कारण ती लांबवली तरी त्या वर्षी कुणाचं काही अडत नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे. बाराव्या वित्त आयोगानं इमारतींच्या देखभालीसाठी राज्यांना ५,००० कोटींचं वेगळं अनुदान सुचवलं, तेव्हा अटही घातली होती: हा पैसा राज्याच्या नेहमीच्या खर्चात भर म्हणून वापरायचा, त्याच्या जागी नाही.

अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसे हातात आले, असंही नाही. तरतूद ही खर्चाची मर्यादा. निधी टप्प्याटप्प्यानं सुटतो. त्यातच अंदाजपत्रक, मान्यता, निविदा. गच्चीचं काम पावसाआधी व्हायला हवं, पण आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. मार्चअखेर न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणून शेवटच्या महिन्यात घाई उडते.

आणि नवी इमारत काही वर्षं बघायलाच नको, हा समज तर पार चुकीचा. दोष दायित्व कालावधीत ठेकेदार बांधकामातले दोष दुरुस्त करून देतो. गच्चीवरचे तुंबलेले पाइप साफ करणं त्यात येत नाही. साचलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. तोवर किरकोळ काम विशेष दुरुस्तीच्या खर्चावर गेलेलं असतं.

आपल्या गावातल्या इमारतीबद्दल माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारता येतात: तिची देखभाल कुणाकडे आहे, गेल्या वर्षी कोणत्या लेखाशीर्षातून किती निधी प्रत्यक्ष मिळाला आणि तो कोणत्या महिन्यात खर्च झाला.