फुफ्फुस उघडताना हृदयाचं काय होतं?

२०२० च्या करोना काळात अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत व्हेंटिलेटरचे प्रोटोटाइप तयार झाले. प्रेशर किती, व्हॉल्यूम किती, यावर खूप चर्चा झाली. पण फुफ्फुसात दिलेलं प्रेशर शेजारच्या हृदयालाही लागतं, हे आपण सहसा विसरतो.

भूल दिलेल्या किंवा आयसीयूतल्या पेशंटच्या फुफ्फुसातले काही वायुकोश मिटतात. तिथून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. ते उघडायला डॉक्टर कधी कधी थोडा वेळ जास्त प्रेशर देतात, उदाहरणार्थ ४० सेंमी पाण्याइतकं, ३० ते ४० सेकंद. नवा फुगा सुरुवातीला जोर लावून फुंकावा लागतो ना, तसंच. याला म्हणतात लंग रिक्रूटमेंट.

खरी मेख पुढे आहे. रक्त हृदयाकडे परत येतं ते अगदी कमी हेडवर. हृदय क्षणभर थांबलं तर रक्तवाहिन्यांत उरणारं सरासरी प्रेशर जेमतेम ७ मिमी पारा, म्हणजे साधारण १० सेंमी पाणी! व्हेंटिलेटरच्या ४० सेंमीपैकी काही भागच छातीच्या पोकळीत पोचतो, पण परतीचा प्रवाह अडवायला तो पुरतो. शिवाय ताणलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या दबतात आणि उजव्या हृदयावरचा लोड वाढतो. काही ठोक्यांतच डावं हृदयही कमी भरतं आणि बीपी उतरतं.

किती उतरणार, ते रक्ताच्या साठ्यावर ठरतं. होस्टेलची टाकी भरलेली असेल तर पाइपातला थोडा अडथळा जाणवत नाही. टाकी तळाला गेली की तोच अडथळा नळाची धार बंद करतो. डुकरांवरच्या प्रयोगांतही रक्त कमी असताना हृदयाला जास्त फटका बसलेला दिसला. मग भरपूर सलाइन द्यावं का? तेही नाही. जादा पाणी फुफ्फुसातच झिरपतं.

म्हणूनच मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसला की काम झालं असं नाही. शरीराला मिळणारा ऑक्सिजन म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण गुणिले रक्ताचा प्रवाह. पहिला आकडा वाढवताना दुसरा कोसळला तर कमाई शून्य. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १०१० पेशंटच्या चाचणीत रिक्रूटमेंट आणि त्यानंतर जास्त प्रेशर मिळालेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ५५.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४९.३.

तेव्हा दोस्तहो, उद्या व्हेंटिलेटर डिझाइन केलात तर प्रेशरच्या नॉबशेजारी बीपीचा ग्राफ जरूर ठेवा. पंप आणि भाता एकाच पेटीत बसवलेत, एकाला हात लावला की दुसरा हलणारच!