मांसवस्त्राचा अर्थ : लक्षणाविचाराचे एक आधुनिक उदाहरण

वेशभूषा ही एक प्रकारची भाषाच होय, हे विधान चिन्हमीमांसेच्या क्षेत्रात आता रूढ झाले आहे. प्योत्र बोगातिरेव्ह यांनी १९३७ साली मोराव्हियातील स्लोव्हाक लोकवेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेशावरून परिधानकर्त्याचे वय, वैवाहिक अवस्था व धर्म कसे ओळखता येतात, हे त्यांनी त्यात दाखविले. तथापि अशा वेशाला अर्थ येतो तो समाजाने पिढ्यानुपिढ्या मान्य केलेल्या संकेतामुळे. ज्या वेशामागे असा कोणताही संकेत नाही, त्याला अर्थ कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. अमेरिकन गायिका लेडी गागा यांचे मांसवस्त्र हे या प्रश्नाचा विचार करण्यास उपयुक्त असे उदाहरण आहे.

१२ सप्टेंबर २०१० रोजी लॉस एंजेलिस येथे एमटीव्हीचा पारितोषिक-समारंभ झाला. गागा यांचे आगमन अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या वस्त्रशाळेच्या पोशाखात झाले. त्या वेळी त्यांच्यासमवेत समलिंगी असल्याच्या कारणावरून सैन्यसेवा सोडावी लागलेले काही माजी सैनिक होते. पुढे वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचे पारितोषिक स्वीकारताना मात्र त्यांनी गोमांसाच्या कच्च्या पट्ट्यांचा पोशाख परिधान केला होता. पादत्राणे, हातातील पिशवी व शिरोभूषण हीही मांसाचीच होती. पोशाखाची रचना फ्रँक फर्नांडेझ यांची होती.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेची तीन निमित्ते सांगितली आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचे गवत तोडून आणणारा. तो शब्द 'निपुण' या अर्थी येतो तो रूढीमुळे. मांसवस्त्राला हीच कसोटी लावून पाहता येईल. मांस हे खाद्य आहे, वस्त्र नव्हे. म्हणून मुख्यार्थाचा बाध उघड आहे. मांस व मानवी देह यांचे साम्य हा संबंध होय. रूढी मात्र येथे नाही. सारा भार प्रयोजनावर पडतो, आणि प्रयोजन व्यंजनेनेच कळते. व्यंजना ही वक्ता, श्रोता आणि प्रकरण यांवर अवलंबून असल्याने एकच वस्त्र निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळे अर्थ देऊ लागते.

घडलेही तसेच. 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेने त्यात प्राणिहिंसा पाहिली. कलेतिहासाच्या जाणकारांना याना स्टरबाक या कॅनेडियन शिल्पकर्तीची १९८७ सालची कलाकृती आठवली. तीही कच्च्या मांसाचाच पोशाख होती; परंतु तिच्या शीर्षकातील 'व्हानितास' या लॅटिन शब्दाने तिला देहाच्या नश्वरतेचा अर्थ दिला होता. चिन्हक तेच, चिन्हित मात्र निराळे. आणि भेद करणारे तत्त्व म्हणजे एक शब्द.

गागा यांनी आपले प्रयोजन दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत सांगितले. आपण हक्कांसाठी उभे राहिलो नाही, तर लवकरच आपल्या हाडांवरील मांसाला जेवढे हक्क असतात तेवढेच आपल्याला उरतील. आणि आपण म्हणजे मांसाचा तुकडा नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. येथे एक भाषिक सूक्ष्मता ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजीत जिवंत देहाच्या मांसाला 'फ्लेश' आणि खाद्य मांसाला 'मीट' असे दोन शब्द आहेत. त्यामुळे माणसाला 'मीट' म्हणताच त्याचे माणूसपण हिरावले जाते. मराठीत 'हाडामांसाचा माणूस' या प्रयोगात मांस हे माणूसपणाचीच खूण ठरते. म्हणजे मांसवस्त्र हा इंग्रजी वाक्प्रचाराचा वाच्यार्थाने घडविलेला आकार होता. तो वाक्प्रचार ज्या भाषेत नाही, तेथे त्याचा उपरोध सहजी पोहोचत नाही.

याहून महत्त्वाची घटना आठवड्याभरात घडली. समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवूनच सेवा करू देणारे अमेरिकन धोरण १९९३ सालापासून अमलात होते. २० सप्टेंबर २०१० रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे त्या धोरणाविरुद्ध बोलताना गागा यांनी समानतेला मांसाच्या सर्वोत्तम तुकड्याची उपमा दिली, आणि तो तुकडा आपल्यासारख्यांच्या वाट्यास येत नाही अशी तक्रार मांडली. पहिल्या प्रसंगी मांस हे हक्कहीन देहाचे चिन्ह होते. दुसऱ्या प्रसंगी ते नाकारलेल्या हक्काचे चिन्ह झाले. वक्ता एकच, द्रव्य एकच, कारणही एकच. परंतु अर्थ जवळजवळ परस्परविरुद्ध. यावरून मांसाला स्वतःचा असा स्थिर अर्थ नव्हता, हे स्पष्ट होते.

दुसऱ्याच दिवशी सेनेटमध्ये या प्रश्नावरील मतदान अपयशी ठरले. २२ डिसेंबर २०१० रोजी धोरण रद्द करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि २० सप्टेंबर २०११ पासून ते प्रत्यक्षात संपुष्टात आले. हे एका पोशाखाने घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पोशाखाने लक्ष वेधले. मागणी मात्र वाक्यांतच करावी लागली.

पुढे ते वस्त्र वाळवून, प्रक्रिया करून टिकविण्यात आले आणि २०११ साली क्लीव्हलंड येथील रॉक अँड रोल संग्रहालयात मांडले गेले. द्रव्य टिकले, प्रकरण ओसरले. तेथे ते पाहणाऱ्याला सैनिकांचा प्रश्न कळायचा तर तो कोणीतरी शब्दांत सांगावा लागतो. संकेतावर आधारलेला वेश भाषेवाचूनही बोलू शकतो. संकेत मोडणारा वेश मात्र प्रश्न तेवढा उपस्थित करतो. त्याचे उत्तर भाषेलाच द्यावे लागते. वेशाला भाषा म्हणताना अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.