शेपटीतलं शिसं

अमेरिकेत घरी विमान बांधणारा माणूस सहसा शेपटीपासून सुरुवात करतो. भाग लहान, खर्च बेताचा, गॅरेजच्या कोपऱ्यात मावणारा. रिव्हेट मारायला हात तिथेच शिकतो. गंमत अशी की विमानातला सर्वांत नाजूक हिशेबाचा भाग, म्हणजे नाक वर-खाली करणारं एलिव्हेटर, याच शिकाऊ हातांच्या वाट्याला येतं.

ओरेगन राज्यातल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी अशा विमानांचे सुटे भाग विकते. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ हे एकआसनी विमान १९७१ मध्ये उडालं. आज घराघरांत जोडलेली दहा हजारांहून अधिक आरव्ही विमानं उडून झाली आहेत. अमेरिकेतला नियम असा, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा छंदापोटी केलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. अमेरिकेतल्या बांधणाऱ्याला निदान वाट मळलेली मिळते.

एलिव्हेटर म्हणजे आडव्या शेपटीच्या मागे बिजागरीवर बसवलेला हलका, पोकळ पत्र्याचा पडदा. त्याचं बहुतेक वजन बिजागरीच्या मागे पडतं. म्हणून टोकाला पुढे आलेल्या भागात शिशाचा तुकडा बसवतात. मागे जड झालेली बैलगाडी जशी उलाळ होते, तशी ही उलाळ शिसं मोडून काढतं. ती राहिली, तर वेग वाढल्यावर हवेच्या एखाद्या धक्क्याने एलिव्हेटर फडफडू लागतं, शेपूट पिळवटते आणि दोन्ही एकमेकांना जोर पुरवत राहतात. याला फ्लटर म्हणतात. काही क्षणांत शेपूट तुटू शकते.

हे ज्ञान सुखासुखी आलेलं नाही. १९१६ मध्ये हँडली पेज कंपनीच्या बॉम्बर विमानाची शेपूट भयानक थरथरू लागली. डावं आणि उजवं एलिव्हेटर वेगवेगळ्या तारांनी ओढलं जात होतं, त्यामुळे एक वर तर दुसरं खाली जाऊ शकत होतं. दोन्ही एका भक्कम नळीने जोडा, असा उपाय अभियंते लँचेस्टर यांनी सुचवला. वजन पुढे ठेवण्याची युक्ती नंतर, १९२० च्या दशकात, हॉलंडमधल्या संशोधनातून पुढे आली. आरव्हीत आजही दोन्ही एलिव्हेटरांना वैमानिकाच्या हातातल्या स्टिककडून येणाऱ्या मधल्या दांड्याशी, म्हणजे पुशरॉडशी, एकत्र बांधतात आणि टोकांना शिसं असतं.

रंग दिला की हिशेब बदलतो. रंगाचे थर बिजागरीच्या मागच्या मोठ्या पत्र्यावरच जास्त बसतात. म्हणून रंग वाळल्यावर एलिव्हेटर बिजागरीवर मोकळं टांगून तोल पुन्हा बघायचा. शिसं भरमसाट ठोकूनही चालत नाही. वळणात किंवा झटक्यात वजन वाढलं, की पुढची जड बाजू खाली दबते, मागची कड वर जाते आणि नाक आणखी उचललं जातं. स्टिक नको तेवढी हलकी लागते. आरव्ही-८ मध्ये मागच्या आसनावर माणूस बसला, की गुरुत्वमध्य मागे सरकून स्टिक आधीच हलकी झालेली असते, हेही लक्षात ठेवायचं.

ऑटोपायलट बसवल्यावर या सगळ्याची परीक्षा होते. १९१४ मध्ये लॉरेन्स स्पेरी यांनी पॅरिसमध्ये हात वर करून विमान सरळ उडवून दाखवलं. आज तेच काम चिपवरचे सेन्सर करतात. पण शेवटी स्टिकच्या जोडणीला हलवायचं असतं एका छोट्या सर्वो मोटरनेच. वैमानिकाने जोर लावला तर हरावी, एवढीच तिची ताकद ठेवलेली असते. बेअरिंग घट्ट असेल, तर मोटरच्या बारीक ढकलण्याने एलिव्हेटर हलतच नाही. जोर साठत जातो, मग ते एकदम सुटतं आणि नाक हवं त्यापेक्षा पुढे जातं. विमान लाटेसारखं वर-खाली होऊ लागतं. जोडणी सैल असली तरी हेच. मालक मात्र बिचारा ऑटोपायलटच्या स्क्रीनवरचे आकडे फिरवत बसतो. माझ्या मते आधी सर्वो सोडवून स्टिक हाताने हलवावी आणि ती कुठे अडते ते बघावं. आकडेही नुसत्या एकट्या वैमानिकावर बसवू नयेत. मागच्या आसनावर वाळूच्या पिशव्या ठेवूनही ते तपासावेत.

ट्रिम, म्हणजे स्टिकवरचा कायमचा भार काढून टाकणारी जुळणी, चुकलेलं असेल, तर मोटर मुकाट्याने तो भार पेलत राहते. चांगल्या यंत्रणा ‘ट्रिम वर’, ‘ट्रिम खाली’ असं सांगतात. तिकडे काणाडोळा करून ऑटोपायलट बंद केला, की साठलेला सगळा भार एकदम हातात येतो आणि नाक उडी मारतं.

सर्वांत धोक्याची चूक मात्र वजनाची नसून भूमितीची असते. सर्वोची भुजा आणि तिचा जोडदांडा एका सरळ रेषेत येऊन पलीकडे कलले, तर स्टिक तिथेच अडकते, मग ऑटोपायलट बंद असो वा चालू. म्हणून भुजेला अडसर बसवतात आणि इंजिन सुरू करण्याआधी स्टिक पार पुढे, पार मागे नेऊन पाहतात. सर्वोचा एखादा बोल्ट बदलला, तरी ही तपासणी पुन्हा करावी लागते.