अडत्याची कमाई किती?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे आटोपले की अडत्याच्या पेढीवरचं काम सुरू होतं. बाहेर हमाल गुळाचे रवे (ढेपा) हलवत असतात आणि आत दिवाणजी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, करायला बसतात. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी त्यांच्या हाताखाली शिकायला येते. जमा-नावेचे नियम तिला तोंडपाठ आहेत, पण कुठला नियम कुठे लावायचा इथे गाडी अडते.

पट्टीतले आकडे सोपे करून घेऊ. 30 किलोचे 100 रवे, म्हणजे 30 क्विंटल. भाव क्विंटलला 4,000 धरला तर रक्कम 1,20,000. अडत 3 टक्क्यांनी 3,600, हमाली-तोलाई 1,400. (अडत शेतकऱ्याने सोसायची की खरेदीदाराने, हे भांडण जुनं आहे. इथे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली असं धरू.) शिवाय गुऱ्हाळ लावताना शेतकऱ्याने 40,000 उचल घेतलेली.

"विक्री खाती जमा एक लाख वीस हजार," मुलगी म्हणाली.

"गूळ कुणाचा?" दिवाणजींनी विचारलं.

"शेतकऱ्याचा."

"मग विक्री आपली कशी गं?"

मुलगी गप्प झाली. पेढीने गूळ विकत घेतलेलाच नाही. तेव्हा 1,20,000 व्यापाऱ्याच्या नावे आणि तेवढेच शेतकऱ्याच्या खाती जमा. मग शेतकऱ्याच्या नावे 5,000. त्यातले 1,400 हमाल-तोलाईदारांचे देणे, उरलेले 3,600 अडत खाती जमा. पेढीचं उत्पन्न तेवढंच. उचलीचे 40,000 तिने खर्चात धरले होते. तो खर्च नव्हे, येणं आहे. ते वळते करून शेतकऱ्याला द्यायचे राहिले 75,000.

व्यापाऱ्याचे पैसे अजून आलेलेच नाहीत, तरी अडत आजच जमा होते, कारण सौदा आज झाला. शेतकऱ्याला मात्र रोख मोजावी लागते. वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, असं पेढीवर होतं ते यामुळेच. हे धड्यात चार पानं वाचून जितकं कळत नाही तितकं एका पट्टीत कळतं, असं माझं मत.

आणखी एक घोळ बाजूंचा. पुस्तकात डावी बाजू नावेची, तर देशी नाम्याच्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बाजू उलट्या, हिशेब तोच. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, दोन्हीकडे जुळायलाच हवी. हल्ली संगणकावर नावे-जमेच्या रकमा जुळल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. पण शेतकऱ्याचा गूळ 'विक्री' खाती टाकला तरी रकमा जुळतातच, आणि चूक तशीच राहते.

विक्री नेमकी कुणाची, हा दिवाणजींचा प्रश्न प्राप्तिकर खात्यालाही पडला होता. 1986 च्या 452 क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तो सोडवला: लेखापरीक्षणाची मर्यादा पाहताना दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्या कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणजे फक्त त्याची अडत, स्वतःच्या जोखमीवर व्यवहार करणाऱ्या पक्क्या अडत्याची मात्र संपूर्ण विक्री.