केबिन कुणी बांधली?

जुनी स्वीडिश लॉरी समोर आली की तिकडचे शौकीन आधी दाराची चौकट बघतात. मग काचेचे कोपरे, मग छपराच्या कडेची पन्हळ बोटाने चाचपून. आणि विचारतात, केबिन कुणी बांधली? बॉनेट उघडायची पाळी बरीच नंतर येते. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माझं लहानपण कराडजवळ हायवेलगतच्या बॉडीबिल्डिंगच्या शेडमध्ये गेलं. नुसती चासी यायची, वडील तिच्यावर केबिन आणि हौदा चढवायचे. आता मी स्वीडनमध्ये वाहनांच्या डिझाइनचं काम करते आणि उन्हाळ्यात जुन्या लॉऱ्यांचे मेळावे भरले की तिथे हटकून जाते.

आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की शिवनेरी बस डोळ्यांपुढे येते. ती बनवणाऱ्या या कंपनीने पहिली लॉरी काढली १९२८ साली. इंजिन मोटारगाडीचंच, २८ अश्वशक्तीचं, आणि वजन वाहायचं दीड टन. स्कानिया-वाबिसचं घराणं त्याहून जुनं. सोदरतेल्ये गावची वाबिस १८९१पासून रेल्वेचे डबे बनवत होती, माल्मोची स्कानिया १९०० साली निघाली आणि १९११मध्ये दोघी एक झाल्या. सुरुवातीच्या काळात या कारखान्यांतून गिऱ्हाइकाच्या हाती पडायची ती मुख्यतः चासी. तिच्यावर केबिन आणि हौदा बसवायचं काम गावोगावचे बॉडीबिल्डर करत. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन लॉऱ्या शेजारी उभ्या केल्या तर बॉनेटपर्यंत जुळ्या आणि त्यामागे दोन वेगळ्या घरच्या, असं सर्रास दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात चाळिशीच्या दशकातली एक व्होल्वो बघायला मिळाली. शौकीन हिला ‘गोल नाकाची’ म्हणतात. तिच्या आधीच्या, तिशीच्या दशकातल्या लॉऱ्या ‘टोकदार नाकाच्या’. मालक निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी दाराच्या आतला पुठ्ठा काढून ठेवला होता, लोकांना सांगाडा दिसावा म्हणून. आत सगळं लाकूड. उभे खांब, आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांत खाचा पाडून बसवलेले सांधे, आणि वरून पत्रा कडेला दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकलेला. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, मधे पट्टी. अशी केबिन कुजते ती ठरलेल्या दोन जागी: काचेच्या खालच्या कोपऱ्यात आणि दाराच्या उंबऱ्याशी. बुटाला चिकटून आलेला बर्फ आत वितळतो आणि ते पाणी उंबऱ्याच्या लाकडात मुरतं. या मालकांनी खांबाचा तळचा वीतभर भाग कापून नवं लाकूड तिरक्या सांध्याने जोडलं होतं. वरचं सगळं जुनं, सुताराच्या पेन्सिलच्या खुणांसकट. नवा जोड रंगाखाली लपवलेला नव्हता. मला या छंदातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे. वडीलही खांब आधी ठोकून बघायचे, आवाज बद्द आला तेवढाच भाग काढायचे.

केबिनचं एवढं महत्त्व का, हे कळायला उत्तरेतला हिवाळा अंगावर घ्यावा लागतो. नॉर्लंड या उत्तर स्वीडनच्या भागात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत सहज उतरतो. दाराच्या फटीतून वारा येत असेल तर तिथे दिवसभर लॉरी चालवणं हा जिवाशी खेळ. म्हणून ड्रायव्हर बॉडीबिल्डरच्या डोक्यावर उभा राहून सांगायचा: फटीला नमदा लाव, तख्तपोशी दुहेरी कर, मागे आडवं होण्यापुरती फळी टाक. उत्तर स्वीडन आणि नॉर्वेतल्या काही लॉऱ्यांना तर ड्रायव्हरच्या मागे आणखी एकदोन रांगा बाकं असत. पुढे माणसं, मागे दुधाचे कॅन. दूरच्या वाड्यावस्त्यांवर दूध गोळा करणारी गाडी हीच तिथली एसटी. तिची केबिन त्या रस्त्यावर किती माणसं चढतात हे ओळखणाऱ्या गावच्याच कारागिराने बांधायची.

फिनलंडची सिसू १९३१ची, डेन्मार्कची ट्रायंगल त्याहून जुनी. त्यांचे चाहतेही कट्टर आहेत. पण केबिनची गोष्ट स्वीडनमध्ये जशी वळण घेते तशी मला दुसरीकडे दिसली नाही. ते वळण लाकडाच्या ओंडक्यांमुळे आलं.

पूर्वी जंगलातले ओंडके नदीत सोडून खाली आणत. पन्नाशीच्या दशकापासून ही वाहतूक हळूहळू रस्त्यावर आली. (नदीवरचं काम पूर्ण थांबायला बराच काळ गेला, क्लारएल्वेन नदीत ते १९९१पर्यंत चाललं.) लॉऱ्याही दांडग्या होत गेल्या. १९५१च्या व्होल्वो टायटनला १९५४मध्ये टर्बो बसला आणि १५० अश्वशक्तीची १८५ झाली. १९५८च्या स्कानिया-वाबिस एल-७५चं इंजिन दहा लिटरच्या वरचं. आता विचार करा, केबिनच्या पाठीला लागून टनावारी ओंडके रचलेत आणि उतारावर करकचून ब्रेक लागला. भार पुढे सरकतो आणि मधे असते फक्त पत्रा ठोकलेली लाकडी भिंत. लाकडाच्या सांगाड्याचे तुकडे होतात, आतला माणूस वाचत नाही.

१९६०च्या सुमारास स्वीडनने केबिनसाठी सक्तीची चाचणी आणली. एक टनाचं वजन झोक्यासारखं आणून काचेशेजारच्या खांबावर आदळायचं, तसंच मागच्या भिंतीवर, आणि छपरावर पंधरा टनांचा भार. एवढं सोसून आत ड्रायव्हरला जगण्यापुरती जागा उरली तर केबिन पास. लाकडी सांगाड्याचं काम तिथे संपलं. संपूर्ण पोलादी केबिन बनवायला मोठी दाबयंत्रं लागतात, साचे लागतात. छोट्या शेडला ते कुठून परवडणार?

दोन बॉडीबिल्डर मात्र काळाच्या पुढे होते. उमेओ गावचे यॉस्टा नीस्ट्रॉम व्होल्वोसाठी केबिन बनवत. ऑस्कर्सहाम्नचे ब्रूर यॉथे पर्सन यांची ‘बे-गे’ ही कंपनी स्कानिया-वाबिसला केबिन पुरवत असे. नीस्ट्रॉमचा कारखाना व्होल्वोने १९६४मध्ये घेतला. त्याच वर्षी टायटन टिपटॉप आली, इंजिनापर्यंत हात पोचावा म्हणून अख्खी केबिन पुढे कलंडणारी. बे-गेचं केबिनचं काम साठीच्या दशकाच्या मध्यात स्कानियाकडे गेलं. या दोन्ही गावांत आजही केबिनच बनतात.

मेळाव्यात गर्दी होते ती १९६९च्या स्कानिया १४० भोवती. चौदा लिटरचं व्ही-८ इंजिन, ३५० अश्वशक्ती. युरोपात तेव्हा तिच्या तोडीचं दुसरं नव्हतं. तो आवाज छातीत घुमतो हे खरं. तरी माझा जीव एल-७५ मध्ये. तिचं गुबगुबीत बॉनेट आणि दारावर हाताने रंगवलेलं वाहतूकदाराचं नाव, गाव, फोन नंबर. काहीजण ही अक्षरं खरवडून आरशासारखा चकचकीत रंग देतात, क्रोम चढवतात. मला ते पटत नाही. त्या लॉरीचा जन्मदाखला आपण स्वतःच्या हाताने फाडतो. ज्या मालकाने दार विटलेलं ठेवलं आणि इंजिन मात्र घड्याळासारखं चालू ठेवलं, त्याच्यापुढे मी हात जोडते.

केबिन ठोकून बघण्याचे असे नियम पुढे बाकीच्या जगातही आले. आपल्याकडच्या नियमाचं नाव एआयएस-०२९. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिनही बंधनकारक झाली आहे. हे चांगलंच झालं. चैत्रात घाटात सापडलेल्या ड्रायव्हरला विचारा. पण कारखान्यातून तयार केबिन येते तेव्हा शेडमधली केबिन जाते, हे मी वडिलांच्या शेडमध्ये पाहिलं आहे. स्वीडनमध्ये शौकिनांनी वेळीच फोटो, बिलं, मापं गोळा केली म्हणून आज नुसत्या दाराच्या चौकटीवरून बॉडीबिल्डर सांगता येतो. आपल्या कराड, कोल्हापूर, सांगलीकडच्या केबिनची अशी नोंद मला कुठे दिसलेली नाही.

तुमच्या घरात नव्या ट्रकला हार घालून काढलेला जुना फोटो असेल तर त्याच्या मागे साल, गाडीचा नंबर आणि केबिन बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव आजच लिहून ठेवा. मिस्त्री हयात असतील तर आधी त्यांना गाठा आणि त्यांच्या तोंडपाठ असलेली मापं कागदावर उतरवून घ्या.