चोपण, ताण आणि पोते
बारामती-इंदापूर भागातील कृषिसंशोधनाच्या समन्वयाचा भाषिक विचार

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काटेवाडीच्या अलीकडे, पिंपळी हे गाव लागते. आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी या वाटेने जाते, त्यामुळे ते पुष्कळांना नावाने तरी ठाऊक असेल. प्रस्तुत लेखात त्याची आठवण वेगळ्या कारणाने होत आहे. या टापूतील शेतीविषयी संशोधन करणाऱ्या व शिक्षण देणाऱ्या संस्थांची संख्या मोठी आहे. तथापि एक-दोन एकरांचा धनी असलेल्या शेतकऱ्यापर्यंत त्यांचे ज्ञान एका सुरात पोहोचते असे म्हणवत नाही. ‘समन्वय’ हा शब्द उच्चारला की आपणांस बैठका, समित्या आणि परिपत्रके आठवतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या समन्वयाचा खरा सांधा शब्दांत दिसतो. तो कसा, हे काही उदाहरणांनी स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम संस्थांची रचना थोडक्यात पाहू. राज्यातील चार कृषि विद्यापीठांपैकी राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. आज ते महात्मा फुले कृषि विद्यापीठ म्हणून ओळखले जाते आणि पुणे जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. चारही विद्यापीठांच्या कार्यात सुसूत्रता राखण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यास महाराष्ट्र कृषि शिक्षण व संशोधन परिषद स्थापन झाली. विद्यापीठांच्या नव्या शिफारशी दरवर्षी एका संयुक्त समितीपुढे येतात आणि तेथे संमत झाल्यावरच शेतकऱ्यांसाठी प्रसृत होतात. येथवर सारे सुबोध आहे. पुढे मात्र गुंता होतो. हवामानाच्या दृष्टीने राज्याचे जे नऊ विभाग कल्पिले आहेत त्यांत बारामती व इंदापूर यांची गणना अवर्षणप्रवण विभागात होते आणि त्या विभागाचे संशोधन केंद्र सोलापुरास आहे. परंतु १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कालव्याखालच्या पट्ट्यात यथाकाल ऊस स्थिरावला. उसाचे संशोधन १९३२ पासून सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे चालते. इंदापूरकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरास आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था असून तिची कोनशिला २००९ साली बसविली गेली. तिच्या शेजारीच १९९२ पासून कृषि विज्ञान केंद्र काम करीत आहे. आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ साली स्थापन झालेला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ते चालवितो. ज्याची वीस गुंठे जमीन पाटाखाली आणि एकभर मुरमाड जमीन चढावर आहे, त्याचे शेत या संस्थांनी जणू आपसांत वाटून घेतले आहे. शेतकऱ्याला मात्र ते एकच शेत आहे.

आता शब्दांकडे वळू. नीरेच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्यामागोमाग जमिनी बिघडू लागल्या. ही तक्रार आजची नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर १९१० साली एक पत्रिका लिहिली; अर्थात ती इंग्रजीत होती. (याच मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा प्रसिद्ध अभ्यास छापला. १७७१ साली तेथे सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते व १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. ते गाव हवेली तालुक्यातले. आपल्या पिंपळीशी त्याचे केवळ नामसादृश्य आहे.) अशा बिघडलेल्या जमिनीसाठी बोलीत दोन शब्द विशेष ऐकू येतात, ‘खारवट’ आणि ‘चोपण’. उन्हाळ्यात जिच्यावर पांढरे फूल येते ती खारवट. ओली असता जी पायाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते आणि जिच्यात पाणी मुरतच नाही ती चोपण.

मृदाशास्त्रात हा भेद मूलभूत आहे. पहिल्या प्रकारात विद्राव्य क्षार साचलेले असतात. चर काढून, चांगले पाणी देऊन ते धुऊन काढावे लागतात. दुसऱ्या प्रकारात मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम प्रमाणाबाहेर वाढलेला असतो आणि सामू साधारणतः ८.५ च्या वर जातो. तेथे जिप्सम घालावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे वाहून जातो. निव्वळ खारवट जमिनीत जिप्सम घालणे हा पैशाचा अपव्यय होय. उलट चोपण जमीन जिप्समवाचून नुसत्या पाण्याने धुवावयास गेल्यास ती अधिकच घट्ट होते. शेतकऱ्याने केलेली विभागणी आणि प्रयोगशाळेची विभागणी येथे जवळजवळ एकमेकींवर बसतात. कृषि विद्यापीठांच्या मराठी पुस्तकांनी ‘चोपण’ हा शब्द संज्ञा म्हणून स्वीकारला आणि ‘क्षारयुक्त’, ‘क्षारयुक्त-चोपण’ व ‘चोपण’ असे तीन वर्ग केले, हे परिभाषेच्या इतिहासातील उत्तम पाऊल मानावयास हवे. दुर्दैवाने व्यवहारात या साऱ्यांना सरसकट ‘खराब जमीन’ किंवा ‘क्षारपड’ म्हणण्याची सवय वाढत आहे. शेतकऱ्याच्या तोंडी असलेला भेद सल्ल्याच्या भाषेत पुसला जातो, आणि वीस गुंठ्यांच्या धन्याला त्याची किंमत एका हंगामाने मोजावी लागते.

‘चोपण’ शेतातून ग्रंथात गेला; ‘ताण’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. डाळिंब उत्पादक बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी तोडतो, तेव्हा तो बागेला ‘ताण देतो’. पावसाने ओढ दिली की उभ्या ज्वारीला ‘ताण बसतो’. पहिल्या प्रयोगात कर्ता शेतकरी आहे आणि कृती हेतुपुरस्सर आहे; दुसऱ्यात पीक केवळ सोसणारे आहे. धातू बदलला की अर्थाची दिशा बदलते. संस्थेच्या नावातील ‘अजैविक ताण’ हा दुसऱ्या अर्थाने आहे आणि त्यात अवर्षणाबरोबर उष्णता, थंडी, क्षार, पाणथळपणा हे सारे येते. ‘ताण व्यवस्थापन’ हे शब्द डाळिंबवाल्याच्या कानी पडले तर पाणी केव्हा तोडावे हे तेथे सांगतील अशी त्याची समजूत झाल्यास नवल नाही. प्रशिक्षणवर्गाचे नाव ठरविताना नामापुरतेच न थांबता क्रियापदही लिहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मापांचा प्रश्न याहून रोकडा आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश ही विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस आहे. शेतकरी हेक्टरात बोलत नाही; तो एकर आणि गुंठे जाणतो. ‘नत्र’ही दुकानात मिळत नाही, मिळते ते पोते. सारे नत्र युरियातून द्यावयाचे धरले तर, युरियात ते ४६ टक्के असल्यामुळे, एकरी सुमारे ३५२ किलो युरिया लागतो. पोते ५० किलोंचे होते तेव्हा ‘एकरी सात पोती’ हा हिशेब बिनचूक होता. २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोंचे झाले आणि तोंडपाठ झालेल्या ‘सात पोत्यां’त एकरी सुमारे १७ किलो नत्र कमी पडू लागले. पोते हलके झाले, शब्द मात्र तोच राहिला. शिवाय हे नत्र एकदम द्यावयाचे नसते. लागणीच्या वेळी १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन-चार महिन्यांनी १० आणि बांधणीस उरलेले ४० टक्के, असे चार हप्ते सांगितले आहेत. वीस गुंठ्यांच्या उसाला पहिला हप्ता साडेसतरा किलोंचा, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनही कमी येतो. पोत्यात विचार करणारा मनुष्य तेथे पोते फोडून रिकामे करतो, हे स्वाभाविक आहे. मोठ्या बागायतदाराची चूक बेरजेत लपते. लहान शेतकऱ्याची लपत नाही.

कृषि विज्ञान केंद्राचे स्थान या साखळीत दुभाष्याचे आहे. देशातील पहिले असे केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीस निघाले. आज दोन कामे या केंद्रांकडे सोपविलेली आहेत: संशोधन केंद्रात सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या रानात पुन्हा तपासून पाहणे, आणि ती इतरांना करून दाखविणे. यांपैकी पहिल्या कामाचे महत्त्व आपण कमी लेखतो. प्रक्षेत्र चाचणीच्या नोंदवहीत जमिनीचा सामू, क्षारता आणि खोली लिहिली जाते. त्या शेजारी धनी त्या तुकड्याला काय म्हणतो, ‘बरड’, ‘मळई’ की ‘चोपण’, यासाठी एक रकाना ठेवावयास काही खर्च येत नाही. पाच-दहा वर्षांत या दोन तालुक्यांचा एक शब्दनकाशा तयार होईल आणि पाडेगाव, सोलापूर व माळेगाव येथील शिफारशी त्यावर शेजारी शेजारी मांडता येतील. बोलीभाषेच्या अभ्यासकांना येथे काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ते आनंदाने करावे.

या कामाला आता निकडही आली आहे. २०२४ पासून बारामतीच्या ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला असून उपग्रहाची चित्रे व जमिनीत पुरलेले संवेदक यांच्या आधारे शेतकऱ्याला मोबाइलवर सूचना मिळतात. संवेदक ओलाव्याचा आकडा देतो. शेतकरी ‘वाफसा’ पाहतो, म्हणजे माती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही पडलेली नाही, औत घालण्यास व बी पेरण्यास योग्य अशी अवस्था. काळ्या भारी जमिनीचा वाफसा आणि मुरमाड जमिनीचा वाफसा यांचे आकडे एक असणार नाहीत. ‘वाफसा आहे, पाणी नको’ ही सूचना पिंपळीच्या पाटाखालच्या आणि चढावरच्या दोन तुकड्यांना एकाच दिवशी धाडावयाची झाल्यास, रान कोणते हे आधी धन्याला त्याच्याच शब्दांत विचारावे लागेल.